दुसऱ्यांदा पाहिलेला हेरपट

एकदां पाहिलेल्या चित्रपटाविषयीं बनलेलें मत कायम टिकतें काय? 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' या इ. स. १९६९ च्या इंग्रजी हेरपटाचें उदाहरण घेऊं.

जेम्स बाँडच्या आधींच्या पांच चित्रपटांत शॉन कॉनरी हा नायक होता. सहाव्यांत जॉर्ज लेझेन्बी हा नवखा ऑस्ट्रेलियन नट आला, आणि पुष्कळ प्रेक्षक दोघांची तुलनाच करीत बसले. शिवाय अखेरीस, विवाहाच्याच दिवशीं, नायकाची पत्नी शत्रूच्या गोळीनें मरते. विजयाच्या अपेक्षेनें आलेल्यांस हें रुचणें कठीणच होतें.

पुढें वर्षें लोटलीं, आणि अनेक रसिक याच चित्रपटाची गणना बाँडच्या उत्तम चित्रपटांत करूं लागले. चित्रपट तर तोच होता. मग बदललें काय?

पहिल्या वेळीं 'पुढें काय?' या उत्कंठेनें डोळे बर्फावरील पाठलागावरच खिळतात. शेवट ठाऊक झाला कीं ती उत्कंठा शमते. ज्या चित्रपटांत रहस्याखेरीज कांहीं नसतें, तो मग फिका पडतो. जेथें माणसें असतात, तेथें दृष्टि त्यांच्याकडे वळते. आरंभीं नायक हिलाच समुद्रांतून वांचवितो. प्रथम तें केवळ साहस वाटतें. दुसऱ्यांदा मात्र मन हळहळतें, कारण हा जीव त्याला अखेर राखतां येणार नाहीं, हें आपण जाणतों.

विद्यार्थिमित्रहो, पहिलें मत बहुधा आपल्या अपेक्षेविषयीं असतें, दुसरें त्या कृतीविषयीं. म्हणून एका भेटींत नापसंत ठरविलेल्या पुस्तकास, किंवा सोबत्यासहि, आणखी एक भेट अवश्य द्यावी.