‘हट्टी’ मुलाचे शिकणे

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे घरात कुणाचे काही अडले, की ‘कॉलेजात विचारून ये’ अशी आज्ञा होते. आक्काच्या मुलाबद्दलही तशीच झाली. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. ‘पोर गोड आहे, पण भारी हट्टी, शिकायचे नाही’ असे अंगणवाडीत ठरून गेले आहे, आणि येत्या जूनमध्ये त्याला पहिलीत घालायचे आहे. मानसशास्त्र हा माझा विषय. म्हणून थोडे वाचले, थोडे त्याच्याजवळ बसून पाहिले.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. या मुलांत बहुधा २१ व्या जोडीत एक जास्तीचे असते. फ्रान्समध्ये लेज्युन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली हे दाखवून दिले. त्याच्या कितीतरी आधी, १८६६ साली, इंग्लंडमधील डॉ. लँग्डन डाऊन यांनी या मुलांचे वर्णन करताना ती नकला करण्यात पटाईत आणि विनोदी असतात असे लिहिले होते. पुढे ‘ही मुले सगळी एकाच साच्याची, हसरी’ असा समज रूढ झाला. तो खरा नाही. इतर मुलांप्रमाणेच त्यांतही कुणी धीट, कुणी बुजरे, कुणी चिडके असते.

स्वभावाचा शिकण्याशी संबंध काय? न्यूयॉर्कमध्ये थॉमस आणि चेस या डॉक्टर दांपत्याने १९५६ पासून काही मुलांच्या वाढीचा तान्हेपणापासून वर्षानुवर्षे मागोवा घेतला. हालचाल, नियमितपणा, नव्या गोष्टीला सामोरे जाणे, चिकाटी अशी नऊ अंगे त्यांनी स्वभावात पाहिली. त्यांचे म्हणणे मला फार पटले : स्वभाव मुळात चांगला किंवा वाईट नसतो, मुलाचा स्वभाव आणि भोवतालच्यांची अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, हे महत्त्वाचे.

यातली चिकाटी आपल्या विषयाला सर्वांत जवळची. स्कॉटलंडमधील जेनिफर विशार्ट यांना आपल्या प्रयोगांत असे दिसले, की डाऊन सिंड्रोम असलेली मुले पुष्कळदा दिलेले काम टाळतात, आणि ते काम आवाक्यातले असले तरीही टाळतात. कधी सरळ नकार देऊन, तर कधी समोरच्याला भुलवून! आमच्याकडे हेच चालते. चार चिंचोके मोजायला ठेवले, की तिसऱ्या चिंचोक्याला स्वारी हात जोडून नमस्कार करते. सगळे हसतात, आजी कडेवर घेते, आणि चौथा चिंचोका जमिनीवरच राहतो. हट्टापेक्षा हा गोडवाच शिकण्याच्या जास्त आड येतो, असे माझे मत झाले आहे. कारण हट्ट निदान लक्षात येतो. काम अर्धवट सुटले की सराव होत नाही, सराव नाही म्हणून काल आलेले आज येत नाही, आणि मग ‘बघा, विसरला’ म्हणून आपण मोकळे!

शिवाय सगळाच हट्ट स्वभावातला नसतो. या मुलांत कमी ऐकू येणे पुष्कळ आढळते. थायरॉईडचा विकारही इतरांपेक्षा अधिक. ‘ऐकत नाही’ हे कधी शब्दशः खरे असते. तेव्हा कान आधी तपासावेत. शिवाय तोंडी सूचना त्यांच्या लक्षात कमी राहते, डोळ्यांनी पाहिलेले जास्त. आणि बोलता येते त्यापेक्षा समजते अधिक. म्हणून आक्का आता ‘मोज’ असे नुसते म्हणत नाही. पाटावर चार खडूचे ठिपके काढते, प्रत्येकावर एक चिंचोका ठेवायचा. चौथा ठेवल्यावर नमस्कार. तोवर कुणी हसायचे नाही, असा आजीलाही दंडक आहे. (तो पाळणे आजीला नातवापेक्षा जड जाते.) कंटाळण्याआधीच खेळ थांबवायचा.

एका शाळेत विचारले, तर ‘विशेष शाळेत न्या’ असे उत्तर मिळाले. वास्तविक २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. दुसऱ्या शाळेतल्या गुरुजींना मी एवढेच सांगितले, की त्याला पहिल्या बाकावर बसवा आणि कामाच्या मध्येच नमस्कार केला तर हसू नका. गुरुजी हसले. प्रवेशाचे जूनमध्ये पाहू म्हणाले.