पतंग मोजणारा डोळा

जालना हे बियाण्यांचे शहर. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली. मार्च २००२ मध्ये देशात पहिल्यांदा बीटी कापसाच्या लागवडीला परवानगी मिळाली, तेव्हा ती वाणे याच कंपनीची होती. बोंडअळीचा बंदोबस्त बियाण्यातच झाल्यावर शेतात रोज फिरून कीड पाहण्याची गरज कमी वाटू लागली, आणि ती सवय हळूहळू सुटत गेली. पण २००९-१० च्या सुमारास गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटी जनुकाला जुमानेनाशी झाल्याचे दिसले. २००६ मध्ये आलेल्या दोन जनुकांच्या बोलगार्ड-२ लाही ती काही वर्षांतच पचवू लागली. २०१७ च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भात वरून धडधाकट दिसणारी बोंडे आतून पोखरलेली निघाली. भोकरदन, मंठा, परतूरकडच्या कापूस उत्पादकाला तेव्हापासून पुन्हा कामगंध सापळ्याकडे, म्हणजे गंधाने पतंग ओढून घेणाऱ्या सापळ्याकडे, वळावे लागले आहे. सापळ्यातले पतंग मोजायचे आणि त्यावरून फवारणीचा निर्णय घ्यायचा, हे जुनेच काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवले जात आहे.

यातले महाराष्ट्राला जवळचे उदाहरण म्हणजे 'कॉटनएस'. २०१८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या वाधवानी एआय या ना-नफा संस्थेने ते तयार केले. २०१९ मध्ये गूगलच्या एआय इम्पॅक्ट चॅलेंजमध्ये या संस्थेची निवड झाली, आणि २०२० मध्ये केडीडी या डेटा सायन्सच्या परिषदेत तिच्या संशोधकांनी या यंत्रणेवर निबंध मांडला. वापर अगदी साधा आहे: सापळा कोऱ्या कागदावर रिकामा करायचा आणि मोबाईलने फोटो काढायचा. साधनाची पहिली पायरी मोजणीची नसते. समोर खरोखर सापळ्यातले किडेच आहेत का, की चुकून हात, जमीन किंवा भलतेच काही टिपले गेले आहे, हे ते आधी तपासते आणि नको तो फोटो परत पाठवते. मग प्रत्येक पतंगाभोवती चौकट आखून गुलाबी बोंडअळीचे पतंग किती आणि अमेरिकन बोंडअळीचे किती, हे वेगळे सांगते. शेतात नेटवर्क नसते, हे ओळखून सगळे गणित फोनमध्येच बसेल इतके लहान करण्यात आले.

या साधनाची खरी परीक्षा एका बारीक जागी होते. शोधणारे मॉडेल एकाच पतंगावर अनेकदा दोन-तीन चौकटी टाकते, म्हणून एकमेकींवर ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त चढलेल्या चौकटींपैकी कमी खात्रीची चौकट पुसून टाकावी लागते. हे प्रमाण किती ठेवायचे, इथे गाडी अडते. नियम कडक केला तर अंगावर अंग टाकून पडलेले दोन पतंग एकच धरले जातात, आणि सैल केला तर एकाच पतंगाचे दोन होतात. गुलाबी बोंडअळीचा पतंग सेंटिमीटरभरही लांब नसतो. सापळ्यात धडपडताना त्याच्या पंखांवरची खवले झडतात, पाऊस शिरला की सगळ्यांचा लगदा होतो. त्यात आर्थिक नुकसानीची पातळी आहे सलग तीन रात्री, दर रात्री सापळ्यामागे आठ पतंग. सात की नऊ, एवढ्या फरकावर फवारणीचा खर्च, मजुरी आणि शेजारच्या मित्रकीटकांचा जीव टांगलेला असतो. म्हणून अशा साधनाने 'फवारणी करा' असा निकाल देऊ नये, चौकटींसह आकडा द्यावा, असे मला ठामपणे वाटते. कागद आणि पडदा शेजारी धरून शेतकरी चौकटी पडताळू शकतो. निकाल मात्र पडताळायला त्याच्या हाती काहीच नसते.

आता मराठीत प्रश्न ऐकून, हवामान एकीकडून आणि बाजारभाव दुसरीकडून घेऊन उत्तर जुळवणारे 'एजंट' येऊ लागले आहेत, म्हणून आकडा पडताळता येणे अधिक महत्त्वाचे ठरते. असा एजंट फोटो स्वतः पाहण्याऐवजी एखाद्या चित्र-विश्लेषण साधनाकडे देतो, आणि त्याचे उत्तर खरे धरून पुढचे पाऊल टाकतो. कुणी म्हणेल, आजची मोठी मॉडेल चित्रेही पाहतात, मग वेगळे साधन हवे कशाला? दाटीने पडलेल्या बारीक वस्तू मोजण्यात ही मॉडेल अजून कच्ची आहेत, आणि त्याहून वाईट म्हणजे चुकीचा आकडाही ती तितक्याच अस्खलितपणे सांगतात. 'फोटो धूसर आहे, मोजता येत नाही' असा नकार देणारे साधन एजंटला जास्त उपयोगी पडते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आठ पतंग मोजायला मोबाईल कशाला, शेतकऱ्याला मोजता येत नाहीत का? येतात, अगदी नीट येतात. पण राज्यात २००९-१० पासून चालत आलेल्या क्रॉपसॅपसारख्या कीड-सर्वेक्षणाला एका शेताचा आकडा पुरत नाही. एकाच पद्धतीने मोजलेले, तारीख-ठिकाणासह नोंदलेले शेकडो आकडे हवेत, तरच घनसावंगीत चढणारा प्रादुर्भाव अंबडला आधी कळेल. साधनाचे मोल या नोंदीत आहे.

तरीही फोटोतला आकडा बिनचूक असून सल्ला चुकू शकतो, आणि मला जास्त काळजी याची वाटते. निकष सलग तीन रात्रींचा आहे. सापळा आठवड्यानंतर झाडला असेल, तर कागदावरचे चाळीस पतंग भयंकर दिसतील, पण रात्रीचा हिशेब सहाच्या आत येईल. सापळा शेवटचा कधी रिकामा केला, हे एजंटने आकडा वापरण्याआधी विचारलेच पाहिजे, कारण चित्रात ते कुठेच नसते. शून्याचे तर दोन अर्थ होतात. पतंग नाहीत, किंवा सापळ्यातली ल्युअर, म्हणजे गंधाची गोळी, तीन-चार आठवड्यांनी बदललीच नाही आणि तिचा गंध उडून गेला आहे. कोरा कागद दोन्ही वेळी सारखाच दिसतो. शिवाय त्या गंधाला भुलून येतो तो नर. अंडी घालणारी मादी फोटोत कधी येतच नाही, आणि अंड्यातून निघालेली अळी बोंडात शिरली की तिचे छिद्र बुजून जाते. त्यासाठी एकरातून वीस हिरवी बोंडे तोडून, फोडून पाहावी लागतात. दोन किडकी निघाली, की दहा टक्क्यांची पातळी गाठली. हे काम हातानेच करावे लागते. एजंटने सापळ्याच्या आकड्यावर समाधान मानून बोंडे फोडायची आठवण केली नाही, तर चांगले साधन हाताशी असूनही नुकसान वाढेल.

जालन्याच्या बाबतीत आणखी एक अडचण जागेची आहे. जिनिंगमध्ये आणि सरकीच्या साठ्यात सुप्तावस्थेतल्या अळ्या राहतात आणि तिथूनच पतंग बाहेर पडतात, म्हणून जिनिंगच्या आवारातही सापळे लावायची शिफारस असते. अशा आवाराला लागून असलेल्या शेतातला सापळा भरून येईल, साधन ते पतंग बरोबर मोजेल, आणि त्या शेतातल्या झाडावर पाते-फुलेही लागलेली नसतील. जानेवारीनंतर फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेला कापूस, ठेवलेल्या शेताशेजारीही हेच घडते. पिकाचे वय, लागवडीची तारीख, जवळची जिनिंग, बांधापलीकडची फरदड यांची नोंद कुणीतरी ठेवायला हवी आणि ती एजंटच्या हाती असायला हवी. फोटो काढण्यापेक्षा हे कितीतरी किचकट आहे, आणि ते काम गावपातळीवर करायला आज कृषी खात्याच्या कर्मचाऱ्याखेरीज फारसे कुणी नाही. त्याच्याकडे आधीच पंचनाम्यांपासून पीक विम्यापर्यंतची कामे आहेत.