विश्लेषण : यीस्टचा मोठा पुडा घरगुती बेकरला खरेच स्वस्त पडतो का?

जुन्नर, नारायणगाव, ओतूर असो की मंचर, घोडेगाव. घरून ब्रेड, लादीपाव, पिझ्झा बेस विकणाऱ्यांपुढे एक प्रश्न हमखास येतो. किराणा दुकानातले यीस्टचे छोटे पाकीट वजनाच्या हिशेबाने महाग पडते. पुण्याच्या घाऊक बाजारात किंवा ऑनलाइन मिळणारा अर्ध्या किलोचा पुडा स्वस्त वाटतो. मात्र पुडा फोडल्यावर यीस्टची ताकद हळूहळू कमी होत जाते. त्यामुळे भाव पाहण्याआधी आपला वापर मोजायला हवा.

यीस्ट म्हणजे नेमके काय?

यीस्ट ही एकपेशीय, जिवंत बुरशी. पिठातील साखर खाऊन ती कार्बन डायऑक्साइड वायू सोडते आणि त्या वायूने पीठ फुगते. बेकिंग पावडर हे रसायनांचे मिश्रण. त्याचा यीस्टशी संबंध नाही. कारखान्यात यीस्ट वाढवण्यासाठी प्रामुख्याने उसाची किंवा बीटची मळी, म्हणजे मोलॅसिस, वापरतात. जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगावचा भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने असलेल्या या पट्ट्याला मळी नवी नाही. यीस्टचे अन्न तीच.

कोणता प्रकार घ्यावा?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. ताजे यीस्ट ओलसर वडीच्या रूपात येते. ते सतत थंड ठेवावे लागते आणि फ्रीजमध्येही दोन-तीन आठवडेच टिकते. पुण्याहून एसटीने आणायचे असेल, तर ते सोयीचे नाही. अॅक्टिव्ह ड्राय यीस्टचे दाणे जाडसर असतात. ते आधी कोमट पाण्यात भिजवावे लागतात. इन्स्टंट ड्राय यीस्टचे दाणे बारीक असतात आणि ते थेट पिठात मिसळता येते. घाऊक खरेदीसाठी हाच प्रकार सोयीचा. तो हवा काढून घट्ट केलेल्या ५०० ग्रॅमच्या पुड्यात मिळतो. नेहमीच्या ब्रेडसाठी आणि जास्त साखरेच्या गोड पावासाठी वेगवेगळे यीस्ट असते, म्हणून पुड्यावरचा मजकूर वाचूनच घ्यावा.

आपला वापर किती?

४०० ग्रॅम मैद्याच्या एका ब्रेडला साधारण ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट लागते. आठवड्याला १० ब्रेड करणाऱ्या घरात ४० ग्रॅम यीस्ट संपते. म्हणजे ५०० ग्रॅमचा पुडा सुमारे तीन महिने पुरतो. आठवड्याला तीनच ब्रेड होत असतील, तर तोच पुडा नऊ महिन्यांहून जास्त चालेल. फोडलेले यीस्ट हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये साधारण चार महिने आणि फ्रीझरमध्ये सहा महिने चांगले राहते. म्हणजे पहिल्या घराला मोठा पुडा परवडतो, दुसऱ्याला नाही.

पैशांचा हिशेब कसा?

समजा, छोट्या पाकिटातील यीस्ट १०० ग्रॅमला ८० रुपये पडते आणि ५०० ग्रॅमचा पुडा २५० रुपयांना आहे. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत; आपल्या दुकानातील भाव घालून पाहावेत.) छोट्या पाकिटाने एका ब्रेडचे यीस्ट ३ रुपये २० पैशांना पडते, मोठ्या पुड्याने २ रुपयांना. बचत झाली १ रुपया २० पैसे. मात्र पुड्यातले जेमतेम ३१२ ग्रॅम वापरून उरलेले फेकावे लागले, तर दोन्हींचा खर्च सारखाच होतो. त्याहून कमी वापरले, तर छोटे पाकीटच स्वस्त. त्यात यीस्ट निकामी निघाले, तर पिठासोबत दूध, लोणी, मेहनत आणि गिऱ्हाईकही जाते. त्यापुढे सव्वा रुपयाची बचत काहीच नाही.

वापर कमी असेल तर काय करावे?

बचत गटातील किंवा ओळखीच्या चार-पाच जणींनी मिळून बंद पुडे मागवावेत आणि प्रत्येकीने एकेक अख्खा पुडा घ्यावा. एकीला एवढेही जास्त होत असेल, तर दोघींनी एक पुडा फोडल्या दिवशीच वाटून घ्यावा आणि डब्यावर तारीख लिहावी. जवळच्या बेकरीवाल्याकडे एखादा बंद पुडा मिळतो का, हेही विचारता येते. मात्र पुडा फोडून, छोट्या पाकिटांत भरून विकणे हा वेगळा व्यवसाय झाला. त्याला एफएसएसएआयची नोंदणी आणि नियमाप्रमाणे लेबल लागते.

घेताना आणि ठेवताना काय पाहावे?

* पुडा विटेसारखा टणक हवा. मऊ पडला असेल, तर आत हवा शिरली आहे. तो घेऊ नये.
* वापरण्याची अंतिम तारीख पाहावी. तारीख जवळ आली म्हणून सवलतीत मिळणारा माल साठवणुकीसाठी नको.
* एप्रिल-मेमध्ये पार्सल उन्हात पडून राहणार नाही, याची काळजी घ्यावी.
* डब्यात नेहमी कोरडा चमचा घालावा. पावसाळ्यात डबा ओट्यावर उघडा ठेवू नये.
* वीज काही तास गेली, तर फ्रीझर उघडू नये. कोरडे यीस्ट तेवढ्याने बिघडत नाही, पण डब्यात ओल शिरली तर खराब होते.

यीस्ट जिवंत आहे, हे कसे ओळखावे?

अर्धा कप कोमट पाण्यात एक छोटा चमचा साखर आणि दोन छोटे चमचे यीस्ट घालून दहा मिनिटे ठेवावे. वर दाट फेस आला, तर यीस्ट चांगले. फेस आलाच नाही, तर ते टाकून द्यावे. पाणी बोटाला जेमतेम कोमट लागावे. ६० अंश सेल्सिअसच्या आसपास यीस्ट मरते, त्यामुळे कडक पाणी घातले तर चांगले यीस्टही वाया जाते. जुन्या डब्यातले यीस्ट वापरायचे असेल, तर मोठ्या ऑर्डरच्या आदल्या दिवशीच ही चाचणी करावी. म्हणजे नवे पाकीट आणायला वेळ मिळतो.