तिसरी घंटा आणि घरची बेल

रविवारी दुपारच्या प्रयोगाआधी ठाण्याच्या तलावपाळीवर जरा वेळ थांबून बघा. एकामागून एक रिक्षा येतात आणि त्यातून उतरतात त्या बहुतेक बायकाच! कुणाच्या केसांत गजरा, कुणाच्या हातात आईचा हात, तर कुणाच्या पर्समध्ये सात जणींची तिकिटं. 'अगं, ती कुठं राहिली?' म्हणत तिसऱ्या घंटेपर्यंत दारात उभी राहणारी एक तरी असतेच.

मासुंदा तलावाच्या काठावर १९७८ साली राम गणेश गडकरी रंगायतन उभं राहिलं, तेव्हा या शहराला काय मिळालं हे आमच्या आईच्या पिढीला विचारावं. त्याआधी नाटकाचा थाट म्हणजे दादरचं शिवाजी मंदिर. तिथला रात्रीचा प्रयोग बघताना शेवटच्या अंकात एक डोळा रंगमंचावर आणि एक घड्याळावर! गाडी चुकली तर काय, या धास्तीत किती नायिकांचे शेवटचे संवाद वाया गेले असतील, देव जाणे. नाट्यगृह गावात आलं आणि बायकांना संपूर्ण नाटक बघता येऊ लागलं.

ज्यांचं नाव या वास्तूला आहे, त्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तली सिंधू गाजवली ती बालगंधर्वांनी. बाईचं दुःख रंगमंचावर पुरुषाने मांडायचं, असा तो काळ. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'मध्ये स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, हीसुद्धा तेव्हा मोठी गोष्ट होती. रंगमंचावर यायला बाईला झगडावं लागलं, हे आपण वाचतो. पण प्रेक्षागृहातल्या खुर्चीपर्यंत पोचायलाही तिला आजसुद्धा केवढा खटाटोप करावा लागतो!

अडचणी नाटकवाल्यांच्याही आहेतच. मुंबई जवळ असल्यामुळे नावाजलेली नाटकं ठाण्यात सहज येतात, हा फायदा. पण नट मालिकांच्या चित्रीकरणात अडकलेले आणि प्रेक्षक आठवडाभर लोकलमध्ये. म्हणजे प्रयोग लावायचा तो शनिवार-रविवारी. त्या तारखांसाठी निर्मात्यांची ओढाताण, आणि नव्या, स्थानिक संस्थेच्या वाट्याला येतो मधला वार. महापालिकेचं नाट्यगृह म्हटलं की निगा राखायचा प्रश्नही आलाच. २०२४ साली गडकरी रंगायतन नूतनीकरणासाठी बंद झालं ते २०२५ मध्ये उघडलं. डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह होतं, पण ते स्टेशनपासून लांब. मुलुंडचं कालिदासही होतं. तरीही त्या काळात 'जाता जाता तिकीट काढलं' ही चैन संपली. हाकेच्या अंतरावर नाटक असणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

बाईचं नाटकाचं गणित मात्र तिकीट खिडकीवर सुरूच होत नाही. चौघांची तिकिटं म्हणजे महिन्याच्या खर्चात चांगलंच भगदाड, मग ती म्हणते, 'तुम्ही जाऊन या.' रात्रीचा प्रयोग सुटल्यावर रिक्षा मिळेल का? मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत स्वच्छतागृहाची रांग सरेल का? बटाटावडा राहिला तर राहू दे! आणि सगळ्यात मोठा प्रश्न, तेवढा वेळ घरी कोण थांबणार?

आमच्या शेजारणीचं नेमकं हेच झालं होतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि तिचं नाटक सुटलं, तब्बल नऊ वर्षं. त्या काळात ती आम्हाला तिकिटं काढून द्यायची, स्वतः कधी यायची नाही. आम्हीही दरवेळी 'अरेरे' म्हणायचो आणि रिक्षात बसायचो. एकदा परत आल्यावर तिने दारातच विचारलं, 'शेवट काय झाला गं?' तेव्हा आमच्यातल्या एकीला राहवलं नाही. पुढच्या महिन्यापासून ठरलं की दर नाटकाला एकीने मागे राहायचं, आजींजवळ बसायचं. पाळीपाळीने. सहा जणींत वर्षातून दोन नाटकं चुकतात, एवढंच.

पहिली पाळी माझी होती. आजींना दूध दिलं, औषध दिलं. त्या सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. मला वाटलं, सून नाही म्हणून कासावीस झाल्या असतील. साडेआठला बेल वाजली. शेजारीण धावतच आत आली, चेहऱ्यावर जरा अपराधी भाव. 'उशीर झाला का हो आई?' म्हणत ती साडी बदलायला निघाली.

आजींनी तिचा पदर धरला. म्हणाल्या, 'ते राहू दे. आधी इथं बस आणि पहिला अंक सांग.'