पोगाचार निघाला की मागे जायचं का?

आजचा विषय सायकल शर्यतीचा आहे. ज्यांच्या घरी जुलै महिन्यात टूर द फ्रान्स लागते, त्यांना हा प्रसंग नवा नाही. शर्यत अजून चांगली पन्नास-साठ किलोमीटर बाकी आहे. तादेय पोगाचार नावाचा स्लोव्हेनियाचा सायकलपटू सीटवरून उठतो, चार जोरदार पॅडल मारतो आणि निघून जातो. मागचे लोक एकमेकांची तोंडं बघत बसतात. सोफ्यावरून पोरं विचारतात, "बाबा, हे त्याच्या मागे का जात नाहीत? घाबरतात का?" आणि बाबांकडे उत्तर नसतं.

उत्तर आहे, पण ते एका वाक्यात मावत नाही.

आधी शरीराचं गणित बघू. प्रत्येक सायकलपटूची एक मर्यादा असते, जिच्याखाली तो बराच वेळ दम धरून चालवू शकतो. तिच्यावर गेला की साठवणीतलं खर्च व्हायला लागतं. आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं समजा. खालून मोटर जेवढं पाणी चढवते तेवढंच वापरलं तर टाकी भरलेली राहते. सगळे नळ एकदम सोडले तर टाकी उतरते, आणि एकदा रिकामी झाली की नळाला नुसती हवा येते. पुन्हा भरायची तर नळ बंद ठेवावे लागतात. शर्यतीत नळ बंद ठेवणं म्हणजे हळू चालवणं.

आता आकडे घालू. जगातले उत्तम घाटवीर अर्धा तास साधारण किलोमागे ६ वॅटच्या आसपास ताकद लावू शकतात. समजा आपला गडी ६५ किलोचा आहे, त्याची मर्यादा ३९० वॅट आहे आणि टाकीत २०,००० ज्यूल आहेत. पुढचा ४५० वॅटने निघाला आणि हा त्याच्या चाकाला चिकटला, तर दर सेकंदाला ६० ज्यूल टाकीतून जाणार. म्हणजे साडेपाच मिनिटांत टाकी कोरडी. घाट अर्ध्या तासाचा असेल तर उरलेली साडेचोवीस मिनिटं काय करायचं? कागदावर तो ३९० वर परत यायला हवा. पण शरीर कागदावर चालत नाही. पाय भरून येतात, श्वास लागत नाही, आणि माणूस ३४० वर येऊन पडतो. उलट हाच गडी मागे न जाता सुरुवातीपासून ४०० वॅटवर चालला असता, तर तीच टाकी त्याला अख्खा घाट पुरली असती. दोन्हींची सरासरी काढली तर पहिल्या प्रकारात ३६० वॅट येते, दुसऱ्यात ४००. घाटावर वेग जवळजवळ ताकदीच्या प्रमाणात असतो, तेव्हा हा फरक तीन मिनिटांच्या घरात जातो.

ज्यांचं लहानपण खंडाळा-लोणावळ्याच्या बाजूला गेलं, त्यांनी मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात हे डोळ्यांनी पाहिलं असेल. घाटाच्या पायथ्याशी 'घाटाचा राजा' व्हायला धावलेले कितीतरी जण वरच्या वळणावर सायकल झिगझॅग चालवत असायचे.

या हिशोबाचा सर्वांत मोठा धडा मिळाला तो खुद्द पोगाचारला. १३ जुलै २०२२, टूरचा अकरावा टप्पा. पिवळी जर्सी त्याच्या अंगावर होती आणि योनास विंगेगो ३९ सेकंदांनी मागे होता. विंगेगोच्या संघाने, म्हणजे युम्बो-व्हिस्माने, त्या दिवशी दोन माणसं पाळीपाळीने सोडली. एकदा प्रिमोझ रोग्लिच निघायचा, एकदा विंगेगो. गालिबिएच्या घाटावर हे सत्र चाललं आणि पोगाचार प्रत्येक वेळी स्वतः मागे गेला, एकही हल्ला त्याने सोडला नाही. टीव्हीवर तो हसतानाही दिसला. बघणाऱ्यांना वाटलं, याला आज कोणी हलवू शकत नाही. मग शेवटचा घाट आला, कोल दु ग्रानों, ११ किलोमीटरचा आणि सरासरी ९ टक्क्यांहून जास्त चढाचा. शेवटच्या पाचेक किलोमीटरवर विंगेगो निघाला, आणि या वेळी पोगाचारच्या नळाला हवा आली. त्या थोड्याशा अंतरात त्याचे २ मिनिटं ५१ सेकंद गेले. पिवळी जर्सी गेली आणि ती टूरही गेली. रोग्लिचच्या मागे जायची त्याला काहीच गरज नव्हती, कारण रोग्लिच आधीच बराच मागे पडलेला होता. पण त्या क्षणी समोर एक चाक निघून जाताना दिसतं, आणि ते सोडून द्यायला मोठं मन लागतं.

मग सगळ्यांनी नेहमीच आपापल्या चालीने जावं का? इथे मात्र गोष्ट बिघडते.

२९ सप्टेंबर २०२४ ला झ्युरिकमध्ये जागतिक अजिंक्यपद होतं, २७० किलोमीटरहून लांब. साधारण १०० किलोमीटर उरले असताना पोगाचार निघाला. रेम्को एव्हनेपूल आणि मॅथ्यू फान डर पूल दोघेही तिथेच होते. दोघांनाही वाटलं, हा वेडेपणा करतोय, आपणहून शर्यत हातची घालवतोय. फान डर पूलने हे नंतर बोलूनही दाखवलं. शरीराच्या हिशोबाने त्यांचं काही चुकलं नव्हतं. शंभर किलोमीटर एकट्याने वारा अंगावर घेत कोण जातो? पण पोगाचार एकटा नव्हता. पुढे गेलेल्या टोळीत त्याचा स्लोव्हेनियाचा साथीदार यान त्रात्निक होता, तो त्याच्यासाठी थांबला आणि त्याने त्याला ओढलं. नंतर फ्रान्सचा पाव्हेल सिवाकोव्ह काही वेळ बरोबर राहिला. शेवटचे ५१ किलोमीटर मात्र पोगाचार खरोखर एकटा होता. जिंकला तो ३४ सेकंदांनी. दुसरा आला ऑस्ट्रेलियाचा बेन ओ'कॉनर, तिसरा फान डर पूल.

३४ सेकंद म्हणजे काहीच नाही हो. मागचे चार जण नीट पाळ्या लावून ओढले असते तर तो सापडला असता, असं मला आजही वाटतं. पण ओढणार कोण? जो पुढे येऊन वारा खाईल तो दमेल, आणि त्याच्या मागे आरामात बसलेला शेवटी त्याला मागे टाकून रुपेरी पदक नेईल. मग 'तू जा, तू जा' सुरू होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीची सफाई कोण करणार यावर जे होतं तेच. त्यातून जागतिक अजिंक्यपदात सायकलपटूंच्या कानात रेडिओ नसतो, त्यामुळे अंतर किती, पुढे कोण, हेही धड कळत नाही. एरवीच्या शर्यतींत भर पडते ती गुणांची. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकालाही चांगले गुण असतात, आणि वरच्या श्रेणीत टिकायला संघांना ते लागतात. पोगाचारच्या मागे जाऊन विसावा येण्यापेक्षा न जाऊन तिसरा येणं मालकाला परवडतं. माझ्या मते शर्यत रटाळ व्हायला भित्रेपणापेक्षा हा हिशोबच जास्त कारणीभूत आहे.

२०२५ मध्ये मात्र तीन शर्यती अशा झाल्या की बघणाऱ्याला पुन्हा आशा वाटावी.

पहिली मार्चमधली मिलान-सान रेमो. चिप्रेस्सा नावाच्या टेकडीवर पोगाचारने हल्ला केला. फान डर पूल लगेच चिकटला. का चिकटला? कारण ती टेकडी फक्त चार टक्क्यांची आहे. एवढ्या कमी चढावर वेग जास्त असतो, आणि वेग जास्त असला की वाऱ्याचा अडथळा मोठा असतो, म्हणून पुढच्याच्या आडोशाने खूप ताकद वाचते. सपाटीवर तर पाव ते एक तृतीयांश ताकद वाचू शकते. नऊ-दहा टक्क्यांच्या घाटावर झगडा गुरुत्वाकर्षणाशी असतो, तिथे आडोसा फारसा कामाचा नाही. शिवाय तिथून शेवट साधारण २४ किलोमीटरवर होता आणि शेवटच्या धावेत आपण जास्त वेगवान आहोत हे फान डर पूलला ठाऊक होतं. तो जिंकला. पण मला आवडला तो इटलीचा फिलिप्पो गान्ना. अंगाने मोठा, घाटावर या दोघांसारखा हलका नाही. ते निघाले तेव्हा त्याने जिवाच्या आकांताने झेप घेतली नाही. तो थोडा मागे पडला, आपल्या चालीने ओढत राहिला आणि परत येऊन मिळाला. पोज्जोच्या चढावर पुन्हा सुटला, पुन्हा आला. शेवटी दुसरा आला तो हाच, आणि पोगाचार तिसरा.

दुसरी एप्रिलमधली फ्लँडर्स. तिथे पोगाचारने एकाच टेकडीवर भरवसा न ठेवता पुन्हा पुन्हा हल्ले केले. फान डर पूल, पेडरसन, फान आर्ट, स्टॉयव्हन टिकून राहिले. प्रत्येक वेळी टाकी थोडी थोडी उतरत गेली, आणि शेवटच्या क्वारेमोंटवर पोगाचार सुटला तो सुटलाच. शेवटी मॅड्स पेडरसनने फान डर पूललाही मागे टाकून दुसरा क्रमांक घेतला.

तिसरी अ‍ॅम्स्टेल गोल्ड. पोगाचार चाळीसहून जास्त किलोमीटर आधी निघालेला, पुन्हा तीच कहाणी असं वाटत होतं. पण डेन्मार्कचा मॅटियस स्केलमोस मागून ओढत राहिला, एव्हनेपूल त्याला येऊन मिळाला, आणि दोघांनी 'तू जा' न करता पाळ्या लावल्या. साधारण आठ किलोमीटर असताना त्यांनी पोगाचारला गाठलं. शेवटची धाव तिघांची झाली आणि स्केलमोसने ती चाकाभराच्याही कमी फरकाने जिंकली. पोगाचार दुसरा.

म्हणजे पोरांना सांगायचं ते असं: उभ्या लांब घाटावर तो निघाला तर जाऊ दे, आपल्या चालीने चढ, पण वर पोचल्यावर दुसऱ्या कोणाबरोबर लगेच पाळ्या लाव. चढ सौम्य असेल, शेवट जवळ असेल आणि तुझी शेवटची धाव चांगली असेल तर दात-ओठ खाऊन चिकट. आणि त्याच्या संघाचा माणूस पुढे टोळीत बसलेला दिसला, तर तो तिथे गप्पा मारायला गेलेला नाही हे ओळख.

जुलै २०२७ मध्ये टूर आपल्याकडे एडिनबरातून सुरू होते आहे. कार्लाइल, लिव्हरपूल, कार्डिफकडच्या मंडळींना रस्त्याच्या कडेला उभं राहून बघता येईल. घोळका समोरून जायला जेमतेम अर्धं मिनिट लागतं, तेव्हा डबे आणि फोल्डिंगच्या खुर्च्या न्या, आणि फोन खिशात ठेवा. पुढच्या रविवारी भेटू.