हिमफुले टिपणारा शेतकरी

वाचकहो, आता खिशातल्या मोबाइलमध्येच कॅमेरा आला. बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढणे कुणाला नवे वाटत नाही. पण सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी एका दूधदुभत्यावर जगणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाने कॅमेऱ्यासाठी हट्ट धरला. आणि त्याला फोटो कशाचा काढायचा होता? आभाळातून पडणाऱ्या बर्फाच्या एकेका कणाचा!

या शेतकऱ्याचे नाव विल्सन बेंटले. अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँट नावाचे राज्य आहे. तिथल्या जेरिको गावी ९ फेब्रुवारी १८६५ रोजी त्यांचा जन्म झाला. गाव थंडीचे. हिवाळ्यात शेत, गोठा, वाट सारे बर्फाखाली. आपल्याकडे आभाळातून बर्फ येतो तो गारांचा, पिकाची माती करणारा. हिम मात्र निराळे. पिंजलेल्या कापसासारखे ते अलगद उतरते. त्या पुंजक्यातला एक कण भिंगाखाली धरला, तर सहा पाकळ्यांचे नाजूक नक्षीकाम दिसते.

आईचे भिंग, वडिलांचे पैसे

विल्सनची आई पूर्वी शिक्षिका होती. मुलाचे बरेचसे शिक्षण तिने घरीच केले. पंधराव्या वाढदिवशी तिने त्याला आपले सूक्ष्मदर्शक यंत्र दिले. त्याखाली मुलाने हिमकण पाहिला आणि त्याला वेडच लागले. तो कागदावर कणाचे चित्र काढू लागला. पण चित्र अर्धे होते न होते तोच कण विरघळून जाई. असे तीन हिवाळे गेले.

मग त्याला कळले, की सूक्ष्मदर्शकाला जोडून फोटो काढता येईल असा कॅमेरा मिळतो. किंमत सुमारे १०० डॉलर. त्या काळी शेतकऱ्याच्या घराला ही रक्कम जड होती. वडिलांना तर हे सारे रिकामपणाचे उद्योग वाटत. तरीही घरातून पैसे निघाले. पुढे पुष्कळ काचा फुकट गेल्या. अखेर १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, विल्सनला हिमकणाचा पहिला चांगला फोटो मिळाला.

फोटो कसा काढीत?

रीत ऐकायला सोपी, करायला मोठी अवघड. बर्फ पडू लागला की बेंटले काळी फळी घेऊन उभे राहत. काळ्यावर पांढरा कण चटकन दिसतो. चांगला कण हेरायचा, बारीक काडीने अलगद उचलून काचेवर ठेवायचा आणि पिसाने हळूच चपटा बसवायचा. हे सारे शेगडी नसलेल्या गारठलेल्या खोलीत. श्वाससुद्धा रोखून धरायचा. तोंडाची वाफ लागली की कण गेलाच. मग खिडकीच्या उजेडात फोटो घ्यायचा. हे काम त्यांनी गोठा आणि शेत सांभाळून शेवटपर्यंत केले. असे पाच हजारांवर फोटो त्यांनी जमवले.

कण उठून दिसावा म्हणून निगेटिव्हच्या प्रतीवरील कणाभोवतीचा भाग ते चाकूच्या टोकाने खरवडीत. त्यामुळे फोटोत मागची बाजू काळीभोर येई. यावर जर्मनीतील हवामानशास्त्रज्ञ गुस्ताव्ह हेलमन यांनी आक्षेप घेतला, की अशाने कणाच्या कडाही बदलतात. शिवाय बेंटले सुबक कणच निवडून घेत. खरे तर पडणारे बहुतेक कण मोडके, वेडेवाकडेच असतात. तेव्हा त्यांचे फोटो पाहताना हे ध्यानात ठेवावे. सगळे हिम असे देखणे नसते. देखणे तेवढे त्यांनी वेचून ठेवले. आपणही बियाण्यासाठी कणसे निवडतोच ना!

गावात सहा माणसे

हिमकणाला सहाच बाजू का, याचे कारण आज ठाऊक आहे. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनात मांडले जातात. नक्षी मात्र वरच्या हवेतील थंडी आणि ओलावा यांवर ठरते. खाली येताना प्रत्येक कणाची वाट वेगळी, म्हणून नक्षीही वेगळी. एकासारखा दुसरा कण मिळत नाही, ही बेंटले यांची गोष्ट पुढे जगभर गेली. एक कण विरघळला की ती नक्षी कायमची गेली, मागे काही उरत नाही, याची त्यांना मनापासून हळहळ वाटे.

१९०३ साली त्यांनी ५०० फोटो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवले. शाळा-महाविद्यालये त्यांच्या काचेच्या चित्रपट्ट्या विकत घेत. पण गावात काय? एकदा त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी पडद्यावर हे फोटो दाखवण्याचा कार्यक्रम ठेवला. प्रवेश फुकट, हवाही छान. आली अवघी सहा माणसे! बेंटले यांनी ही गोष्ट पुढे स्वतःच सांगितली. या कामाने त्यांना पैसा दिला नाही. उलट खर्चच अधिक झाला. तरी मोठ्या धनवंताशीही आपण जागा बदलणार नाही, असे ते म्हणत.

नोव्हेंबर १९३१ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. त्यात २,४०० हून अधिक फोटो होते. पुढच्याच महिन्यात ते वादळी हवेत पायी घरी आले, न्यूमोनियाने आजारी पडले आणि २३ डिसेंबरला आपल्या शेतघरातच वारले. आज त्याच जेरिको गावात जुन्या गिरणीच्या इमारतीत त्यांच्या फोटोंचे संग्रहालय आहे.

आपल्या अंगणात

आपल्याकडे हिम नाही, असे म्हणून ही गोष्ट बाजूला ठेवू नका. बेंटले पहाटे उठून दवाने भिजलेली पाने आणि कोळ्याची जाळीही टिपत. ती तर तुमच्या बांधावर आहेत.

आणि पाऊस? तोही त्यांनी मोजला. पहिल्या सरीला मुलांना हा प्रयोग करू द्या. ताटलीत बोटभर जाडीचे चाळलेले पीठ न दाबता पसरा. दोन-तीन सेकंद पावसात धरा आणि लगेच आत आणा. थेंब पडला तिथे पिठाची गोळी होते. ती वाळू द्या, मग पीठ हलकेच चाळा. उरलेल्या गोळ्या साधारण थेंबांएवढ्याच असतात. बेंटले यांना सर्वांत मोठे थेंब पाव इंचाच्या आसपास आढळले. तुमच्या गावचा थेंब केवढा, ते मुलांनी पट्टीने मोजून वहीत तारखेसह लिहावे.

घरातले एखादे पोर पाखरू, पान नाहीतर ढग बघत रेंगाळले, तर लगेच रागावू नका. काय पाहतोस बाळ, एवढे तरी विचारा.