ट्रान्सअटलांटिसिझम: लांब असलेल्या माणसांचा अल्बम

डेथ कॅब फॉर क्युटी या अमेरिकी बँडचा 'ट्रान्सअटलांटिसिझम' ऑक्टोबर 2003 मध्ये आला. इंडी रॉक ऐकणाऱ्या कुणाहीपाशी हा विषय काढा, गाण्यांआधी स्वतःची गोष्ट सुरू होते. दुसऱ्या शहरात शिकायला गेलेली मैत्रीण, परदेशी नोकरीला लागलेला नवरा, मोडलेलं लग्न.

याचं कारण शीर्षकगीतातच आहे. जवळजवळ आठ मिनिटं! संथ पियानोपासून सुरुवात. दोघांच्या मधोमध महासागर पसरल्याची कल्पना आणि मग जवळ येण्याची एकच विनवणी पुन्हा पुन्हा. ड्रम्स, गिटार, कोरस चढत जातात, तरी शब्द तेच. गायक बेन गिबर्डचा आवाज कुठेही किंचाळत नाही, म्हणूनच ते जास्त लागतं. बँडमधलाच ख्रिस वॉला निर्माता. एक गाणं दुसऱ्यात विरघळतं, त्यामुळे अल्बम सलगच ऐकावा.

'टायटल अँड रजिस्ट्रेशन'मध्ये गाडीची कागदपत्रं शोधताना डॅशबोर्डच्या कप्प्यात जुने फोटो सापडतात. एवढाच प्रसंग, पण अनेकांना हेच गाणं सर्वांत आपलं वाटतं. 'टायनी व्हेसल्स' मात्र काहींना सहन होत नाही: प्रेम नव्हतंच, ही त्यातली कबुली फार निष्ठुर आहे. मला ती अल्बममधली सगळ्यात प्रामाणिक जागा वाटते.

2023 मध्ये बँडने वीस वर्षांनिमित्त अख्खा अल्बम मंचावर वाजवला. त्याच दौऱ्यात गिबर्डच्याच 'द पोस्टल सर्व्हिस' या दुसऱ्या बँडचा 'गिव्ह अप' अल्बमही पूर्ण वाजवला गेला. तोही 2003 चाच. पहिल्यांदा ऐकणार असाल तर हेडफोन लावा आणि शफल बंद ठेवा.